शून्य, पण थोडं ढिलं

लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटला टॅपेटमध्ये फट किती ठेवायची, या प्रश्नाचं कंपनीचं उत्तर एका शब्दात आहे: शून्य. बाकीच्या गाड्यांचं असं नसतं. हिरो होंडाच्या सीडी हंड्रेडला ०.०५ मिलिमीटर लागतं. ते मोजायला फिलर गेज नावाची पोलादी पात्यांची जुडी मिळते. हवं ते पातं फटीत घालायचं, जरासं अडखळत सरकलं की लॉक नट आवळायचा आणि हात धुवायला जायचं. बुलेटला मोजायचं काहीच नाही. आणि मोजायचं काही नसलं की बोलायला सगळे मोकळे.

या शून्याची परीक्षा बोटांनी होते. सिलिंडरच्या पोटातून दोन पुश रॉड उभे वर गेलेले असतात. खाली कॅम फिरतो, तो टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड वर हेडमधल्या रॉकरला आणि रॉकर शेवटी वॉल्व्हला. मधल्या कुणीही थोडी हयगय केली की खाली हुकूम सुटतो आणि वर वॉल्व्ह झोपलेला राहतो. पिस्टन वर असताना हा पुश रॉड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवून बघायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली डुगडुगता कामा नये. झालं शून्य. आता ‘सहज’ म्हणजे किती सहज, यावर आमच्या गल्लीत दर रविवारी चर्चा होते आणि तिला गाडीच्या मालकाची हजेरी सक्तीची नसते.

हे शून्य आलं इंग्लंडातल्या रेडिच गावाहून. रेडिच हे सुयांचं गाव. रॉयल एनफिल्डची मूळ पेढीही शिवणाच्या सुयाच करायची. मग सायकली, मग १९०१ साली मोटरसायकल, मग १९३२ पासून बुलेट हे नाव. सुईला नेढं पाडण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना शून्य म्हणजे काय हे विचारायची सोय नव्हती. १९५५ साली मद्रास मोटर्सशी हातमिळवणी होऊन एनफिल्ड इंडिया निघाली आणि तिरुवोत्रियूरच्या कारखान्यात बुलेट जुळू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. बुलेट मात्र पडली नाही. १९७७ पासून तर मद्रासेतली बुलेट बोटीत बसून परत इंग्लंडला जाऊ लागली. सत्तर बाय नव्वदचा बोअर-स्ट्रोक तोच, ३४६ सीसी त्याच, आणि शून्यही तेच. साहेबाने आपलंच शून्य आपल्याकडून डॉलरपौंड मोजून परत घेतलं, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात का नाही कोण जाणे.

टॅपेट करायचे ते इंजिन गार असताना. गार म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. लोखंडी सिलिंडर, वर अॅल्युमिनियमचं हेड, पुश रॉड पुन्हा वेगळ्याच धातूचे. गरम झाल्यावर जो तो आपापल्या मापाने फुगतो, तेव्हा मोजलेल्याला अर्थ नाही. कागदावर हे ठीक आहे. पण कोल्हापुरात जुनी बुलेट बाळगायची ती कशासाठी? रविवारी सकाळी मिसळ खायला जायला आणि तिथून जमलं तर पन्हाळ्याला. म्हणजे ज्या सकाळसाठी गाडी पाळली त्याच सकाळी तिला किक मारायची नाही, हा पहिला नियम. मालक मिसळीला चालत जातो. वाटेत ओळखीचे विचारतात, “गाडी कुठाय?” तो म्हणतो, “गार कराय लावलीय.” ऐकणारा सहानुभूतीने मान हलवतो. गाडी रस्त्यात तापून बंद पडली असणार, अशी त्याची समजूत झालेली असते आणि ती दुरुस्त करायला मालकाकडे वेळ नसतो.

मे महिन्यात गार म्हणजे काय, हा आणखी एक फाटा. आमच्याकडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांचं म्हणणं, रेडिचचं गार आणि मंगळवार पेठेतलं गार यात निदान पंधरा डिग्रीचा फरक आहे, तेव्हा शून्यातही दुरुस्ती हवी. शून्यात दुरुस्ती कशी करायची हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण मुद्दा मांडला गेलाय आणि इतिवृत्तात आलाय.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मेन स्टँडला लावायची. उजव्या अंगाला, सिलिंडरच्या पायथ्याशी, टॅपेटचं कव्हर असतं. मधोमध एकच नट. त्या नटाला सगळ्या गल्लीने कधी ना कधी हात लावलेला असल्यामुळे त्याच्या कडा गोल झालेल्या असतात. इतर बऱ्याच गाड्यांचे टॅपेट वर, डोक्याशी; बुलेटचे पायाशी. त्यामुळे मालकाला जमिनीवर बसावं लागतं. घरातून पाट येतो. पाटावर बसलेला माणूस दिसला की येणाराजाणारा थांबतोच. उभा राहून काम करणाऱ्याला कुणी विचारत नाही. पाटावर बसलेला हा अडचणीतला माणूस आहे, हे लोक लांबूनच ओळखतात.

कव्हर काढलं की आतलं तेल ओघळतं. त्याखाली ठेवायचं भांडं स्वयंपाकघरातून आलेलं असतं. ते परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, त्यामुळे देताना सर्वांत पोचे गेलेलं दिलं जातं.

मग प्लग काढायचा, गाडी चौथ्या गिअरला टाकायची आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवायचं. एकाने प्लगच्या भोकावर बोट धरायचं. बोट आतून ढकललं गेलं की समजायचं पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. मग बोट काढून भोकात सायकलचा स्पोक सोडायचा आणि चाक कणाकणाने फिरवत स्पोक वर चढायचा थांबतो तिथे थांबायचं. तिथे दोन्ही वॉल्व्ह बंद, दोन्ही पुश रॉड मोकळे. हे सगळं बोटाने का, तर पिस्टन चार स्ट्रोकांत दोनदा वर येतो आणि दोन्ही वेळा स्पोकला सारखाच वाटतो. एकदा येतो तो पेटायला. दुसऱ्यांदा येतो तो धूर बाहेर टाकायला, आणि त्या वेळी एक्झॉस्ट वॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो तोवर इनलेट उघडू लागलेला असतो. जाणारा पाहुणा उंबऱ्यावर “निघतो, निघतो” करत उभा आणि येणारा पिशवी घेऊन त्याच दारात, तशी ती अवस्था. या घटकेला टॅपेट सेट केले तर ते शून्य सेट होतच नाही, भलतंच काहीतरी होतं. आमच्या शेजारचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा बोट लावायला तयार नव्हता. स्पोकवर त्याचा पूर्ण विश्वास होता. त्याने चुकीच्या वेळचा पिस्टन धरून फार सुबक टॅपेट केले. पुढचा अर्धा दिवस त्याच्या वडिलांनी किक मारली. गाडी खोकली, एकदा किक उलटी फिरून त्यांच्या नडगीवर बसली, आणि पोराच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा हिशोब गल्लीला तोंडपाठ झाला.

पण खरी मौज पान्यांची. या टॅपेटला तीन पाने एकदम लागतात. खालचा टॅपेट फिरू नये म्हणून एक, वरच्या अॅडजस्टरला दुसरा आणि दोघांमधल्या लॉक नटाला तिसरा. देवाने माणसाला हात दोन दिले, रेडिचने पाने तीन मागितले. शिवाय जागा एवढी चिंचोळी की बाजारातला पाना तिथे मावत नाही. तो उद्यमनगरात नेऊन ग्राइंडरवर घासून पातळ करून आणावा लागतो. असे घासलेले तीन पाने ज्याच्याकडे आहेत त्याला बुलेटवाल्यांत मान असतो. तो पाने उसने देत नाही. पाने घेऊन स्वतः येतो, आणि आला की जेवूनच जातो.

तिसऱ्या पान्याला जो कुणी हात लावतो त्याला मत मिळतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो. कालपर्यंत ज्याला इनलेट कुठला नि एक्झॉस्ट कुठला माहीत नव्हतं तो पाना धरल्याधरल्या म्हणतो, “जरा टाइट वाटतंय, न्हाय?” मालक चिमटीत रॉड फिरवून बघतो. शून्य आहे. मग लॉक नट आवळतो. आणि इथे या यंत्राचा खरा स्वभाव कळतो. लॉक नट घट्ट होताना अॅडजस्टरला आपल्याबरोबर ओढतो. घट्ट धरलेला पानाही सुतभर हलतो. पुन्हा रॉड फिरवावा तर फिरतच नाही. म्हणून पुन्हा नट ढिला, पुन्हा शून्य, पुन्हा आवळणं. या खेपेला ओढणार हे गृहीत धरून आधीच थोडं ढिलं ठेवावं, तर नेमका नट या खेपेला शहाण्यासारखा वागतो आणि रॉड खुळखुळतो. किती ओढेल याचा अंदाज घेऊन तेवढं आधी सोडायचं, ही विद्या पुस्तकात नाही. ती मनगटात मुरते. ज्यांच्या मुरली आहे त्यांना सांगता येत नाही. सांगणारे सगळे कट्ट्यावर बसलेले असतात.

कट्ट्यावर पाटबंधारेचे साहेब असतातच. त्यांच्या मते जगात शून्य असं माप असू शकत नाही. ते फिलर गेज घेऊन येतात आणि दीड थाऊचं पातं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, कुठे घालता येईल ते शोधतात. पुश रॉडच्या बुडाशी कपासारखी खोलगट बैठक असते, तिथे सपाट पातं बसत नाही. हे कळल्यावर माणूस गप्प बसेल असं आपल्याला वाटतं. साहेबांनी रेडिचच्या आराखड्यात दोष काढला.

त्यांच्या शेजारी जावावाले. मैसूरच्या आयडियल जावाची अडीचशे सीसीची गाडी त्यांनी जिवापाड जपली आहे. टू-स्ट्रोक इंजिन, त्याला वॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, पुश रॉड नाहीत. ते फक्त बघायला येतात. बुलेटवाला पाटावर घामाघूम झालेला असताना ते शांतपणे म्हणतात, “आमच्याकडं ही भानगडच न्हाय बगा.” त्यांना उत्तर द्यायची संधी दरवर्षी एकदा मिळते, जावाचे दोन्ही सायलेन्सर काजळीने बुजल्यावर ते अंगणात जाळून काढतात तेव्हा. त्या दिवशी गल्लीतली वाळत घातलेली धुणी परत धुवावी लागतात. पण बुलेटवाले मुळात मवाळ असतात. ते त्या दिवशी फक्त जाऊन उभे राहतात.

बायकांचं या विषयातलं मत थोडक्यात असतं आणि बहुधा बरोबर असतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “आज टकटक जास्त आहे.” कानाला पाना लावायला कुणी शिकवलेलं नसताना हे कसं कळतं? रोज तीच गाडी, रोज त्याच वेळी ऐकलेली. मिस्त्रीसुद्धा याहून वेगळं काय करतो?

मिस्त्री हा माणूस मी शेवटी ठेवलाय, कारण तोही शेवटीच येतो. त्याचं गॅरेज उद्यमनगरच्या कडेला. आजूबाजूला फौंड्र्या, लेथ, दिवसभर लोखंड कापल्याचा कर्कश आवाज, आणि त्यात हा बुलेटच्या टॅपेटची कुजबुज ऐकतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. गाडी ठक-ठक करत उभी. आम्ही श्वास धरून. मग तो डोळे न उघडता म्हणतो, “इनलेट बोलतोय.” बोलतोय हे तक्रारीच्या सुरात नसतं. बोलतोय म्हणजे जिवंत आहे.

कारण मिस्त्रीच्या शास्त्रात आवाज करणारा टॅपेट हा फारसा गुन्हेगार नाही. ढिला असेल तर वाजेल, वॉल्व्ह थोडा कमी उघडेल, ठोके खाऊन टोकं झिजतील, पण हळूहळू. भीती आहे ती गप्प टॅपेटची. फट उरलीच नाही तर वॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह तापून लाल झालेला असतो, बैठकीवर टेकतो तेवढ्या वेळातच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? वर त्या बारीक फटीतून पेटलेला गॅस शिट्टीसारखा निसटत राहतो आणि वॉल्व्हची कड चाटून नेतो. गाडी बाहेरून अगदी शहाणी वाटते. टकटक नाही, कुरकुर नाही. मग एके दिवशी किक पोकळ जाते. पायाखाली काही लागतच नाही.

आणि गिऱ्हाईक काय मागतं? “आवाज बंद करा.” गॅरेजात येणारा प्रत्येक जण हेच मागतो. मिस्त्री समजावतो, “मालक, शून्य हाय. एक्झॉस्टला केसभर मोकळं ठेवलंय. वाजू दे की.” काही जणांना पटतं. काहींना वाटतं, याला जमत नाही. ते दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात जातात, तिथे आवाज बंद करून मिळतो, त्याच पैशात मिळतो, आणि ते मुद्दाम मिस्त्रीच्या दारावरून गाडी नेतात. मिस्त्री चहाचा कप खाली न ठेवता ऐकतो. “चाललाय हेडकडं,” एवढंच म्हणतो. तो माणूस काही महिन्यांनी टेम्पोत गाडी घालून येतो तेव्हा मिस्त्री मागचं काहीही काढत नाही. वॉल्व्ह, गाइड, सीट कटिंग, गॅस्केट असं सगळं कागदावर लिहितो आणि त्याखाली रेघ मारून टॅपेट सेटिंग फुकट असं लिहितो. हा टोला ज्याला कळायचा त्याला कळतो.

अलीकडे मिस्त्रीच्या धंद्याला वेगळंच ग्रहण लागलं. लोखंडी इंजिनं बंद झाली आणि नव्या युनिट इंजिनाच्या बुलेटी आल्या त्यात हायड्रॉलिक टॅपेट होते. तेलाच्या दाबाने ते स्वतःच स्वतःची फट बुजवून घेतात. पाटावर बसायला नको, स्पोक नको, तीन पाने नकोत. साहेबांच्या दीड थाऊला आता जगात कुठेच जागा उरली नाही आणि ते हल्ली डॅमच्या गेटवर बोलतात.

तशीच एक बुलेट घेतलेला पोरगा परवा गॅरेजात आला. काळी गाडी, मागे महाराजांचं चित्र, बदललेला सायलेन्सर. म्हणाला, “मिस्त्री, टॅपेट सेट करून द्या. या जुन्या गाड्या कशा ठक-ठक ठेक्यात चालत्यात, तसं झालं पायजे.”

“ह्येला सेटिंग नसतंय भावा. हायड्रॉलिक हाय.”

“असं कसं? बुलेट हाय न्हवं का?”

“हाय. पर ह्येचं ह्येच करून घेतंय.”

पोराचा चेहरा पडला. मग संशय आला. जुन्या गाडीवाल्यांची कामं करता आणि आम्हाला टाळता, असं तो जरा मोठ्याने बोलला. पैसे जास्त देतो म्हणाला. कंपनीत जाणार नाही, तुमचंच नाव ऐकून आलोय म्हणाला. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मग घासलेल्या पान्यांतला सर्वांत जुना उचलला, गाडीच्या उजव्या अंगाला उकिडवा बसला, इंजिनावर उगाच दोन ठिकाणी तो टेकवला, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. शेवटी वेस्टने कव्हर पुसून चकचकीत केलं.

“बसला,” म्हणाला.

पोराने गाडी सुरू केली, मान तिरकी करून ऐकलं आणि हसला. “आता कसं! सकाळपासनं ह्योच आवाज शोधतोय.” पाकीट काढायला लागला.

“ऱ्हाऊ दे,” मिस्त्री म्हणाला. “सहा महिन्यांनी दाखवाय आण. ढिलं पडतंय कधीकधी.”